आयर्लंड : जमीन, धर्म आणि भाषा

आपल्या शालेय पुस्तकांत आयर्लंड दोनच ठिकाणी डोकावतो. नागरिकशास्त्रात, राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडच्या घटनेवरून घेतली, या वाक्यात. आणि इतिहासात, लोकमान्य टिळक व अॅनी बेझंट यांनी आयर्लंडच्या धर्तीवर होमरूल चळवळ सुरू केली, या वाक्यात. मुले दोन्ही वाक्ये पाठ करतात, एका गुणाच्या प्रश्नात लिहितात आणि विषय संपतो. हा देश कोणता, त्याच्यावर काय गुजरले, त्याची चळवळ आपल्या नेत्यांना जवळची का वाटली, हे विचारायला कुणाला सवड नसते.

आयर्लंडबद्दल मोठ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. तिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांच्या जिवावर उठले होते, बॉम्ब फुटत होते. म्हणजे काय, तर धर्मावरून भांडण! मी उर्दू आणि मराठी अशा दोन भाषा शिकवतो. ‘धर्मावरून भांडण’ ही चिठ्ठी किती सहज चिकटवता येते आणि ती चिकटली की खालचे सगळे कसे झाकले जाते, हे मला रोजच्या जगण्यातून ठाऊक आहे. म्हणून या बेटाचा इतिहास मी जरा सावकाश वाचला. जे हाती लागले ते इथे क्रमाने मांडतो.

पिरॅमिडांच्या आधीचा सूर्यकिरण

डब्लिनच्या उत्तरेला बॉइन नदीच्या खोऱ्यात न्यूग्रेंज नावाचा एक प्रचंड गोल टेकाडवजा दफनस्थळ आहे. तो सुमारे इ.स.पू. ३२०० मध्ये बांधला गेला. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या काही शतके आधी. आत जायला सुमारे १९ मीटर लांबीची दगडी वाट आहे आणि दाराच्या वर एक छोटी खिडकीसारखी फट. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत, २१ डिसेंबरच्या आसपास, उगवत्या सूर्याचा किरण त्या फटीतून आत शिरतो आणि सुमारे १७ मिनिटे आतली खोली उजळून टाकतो. ज्यांनी हे बांधले त्यांची भाषा आपल्याला कळत नाही, त्यांची नावेही नाहीत. पण ते रानटी नव्हते, एवढे तो किरण सांगतो.

पुढे लोहयुगापर्यंत या बेटावर केल्टिक भाषा रुजली. आजची आयरिश भाषा तिचीच मुलगी. रोमन लोकांनी शेजारचे ब्रिटन जिंकले, पण आयर्लंड त्यांनी कधीच जिंकला नाही. त्यामुळे इथे रोमन रस्ते नाहीत, रोमन शहरे नाहीत आणि रोमन कायदाही नाही. छोटी छोटी राज्ये होती, प्रत्येकाचा आपला राजा. टारा या टेकडीवरचा ‘महाराजा’ मानाने मोठा, पण सर्व बेटावर हुकूम चालवणारा नव्हे. कायदा मात्र सगळीकडे बराचसा एकसारखा होता. ब्रेहन म्हणवले जाणारे जाणकार तो तोंडपाठ ठेवत आणि निवाडे करत. खुनालासुद्धा फाशीऐवजी बहुधा भरपाई, आणि ती माणसाच्या दर्जानुसार.

लिपीही त्यांनी आपली केली. ओघम नावाची ही लिपी दगडाच्या कडेवर आडव्या-तिरक्या रेघा ओढून लिहीत. मुळात २० अक्षरे. असे सुमारे ४०० दगड आज शिल्लक आहेत आणि बहुतेकांवर फक्त एखाद्याचे नाव आणि त्याच्या बापाचे किंवा घराण्याचे नाव कोरलेले आहे.

गुलाम, संत आणि शब्दांमधली जागा

पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्म आला. त्याच्याशी जोडलेले सर्वांत मोठे नाव संत पॅट्रिक यांचे. गंमत अशी की आयर्लंडचा हा राष्ट्रीय संत आयरिश नव्हता. तो रोमन ब्रिटनमधला. सोळा वर्षांचा असताना आयरिश लुटारूंनी त्याला पळवले आणि गुलाम केले. सहा वर्षे त्याने मेंढ्या राखल्या, मग पळाला आणि पुढे धर्मोपदेशक होऊन त्याच देशात परत आला. त्याने लॅटिनमध्ये लिहिलेली स्वतःची कैफियत आजही उपलब्ध आहे.

त्यानंतरची तीन-चार शतके आयर्लंडच्या मठांची. पश्चिम युरोपात रोमन साम्राज्य कोसळत असताना या टोकाच्या बेटावर ग्रंथ उतरवले जात होते, शिकवले जात होते. कोलंबा हा साधू ५६३ मध्ये स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावर गेला, कोलंबानस थेट इटलीपर्यंत पोहोचला आणि बॉबिओ येथे त्याने मठ काढला. सुमारे इ.स. ८०० च्या सुमारास रंगवलेला ‘बुक ऑफ केल्स’ हा बायबलच्या शुभवर्तमानांचा ग्रंथ आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. आपल्याकडच्या सुलेखनाची आवड असलेल्याने त्याची छायाचित्रे जरूर पाहावीत. अक्षरांतून वेली आणि प्राणी निघतात.

शिक्षक म्हणून मला भावली ती आणखी एक गोष्ट. त्या काळी लॅटिन सलग लिहीत, शब्दांमध्ये जागा न सोडता. ज्यांची ती घरची भाषा त्यांना वाचताना शब्द आपोआप कळत. आयरिश साधूंना लॅटिन शिकावी लागे. ते सलग ओळीत अडखळत. म्हणून त्यांनी शब्दाशब्दांत मोकळी जागा सोडायला सुरुवात केली आणि ही रीत पुढे युरोपभर पसरली. परकी भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण आणि तिच्यातून सगळ्या जगाची झालेली सोय! दुसरी भाषा शिकणाऱ्या मुलाला जे ‘कच्चा’ म्हणतात, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

बाहेरून आलेले

७९५ पासून उत्तरेच्या व्हायकिंगांची लूट सुरू झाली. मठ लुटले गेले, माणसे गुलाम म्हणून विकली गेली. पण हेच व्हायकिंग नंतर वसले. डब्लिन, वॉटरफर्ड, वेक्सफर्ड, लिमरिक ही शहरे त्यांच्या वस्त्यांतून वाढली. १०१४ मध्ये डब्लिनजवळ क्लोंटार्फ येथे मोठी लढाई झाली. आयरिश राजा ब्रायन बोरूचा पक्ष जिंकला, पण तो स्वतः मारला गेला. शाळकरी इतिहासात ही ‘आयरिश विरुद्ध परके’ अशी लढाई असते. प्रत्यक्षात लेन्स्टर प्रांताचे आयरिश लोक डब्लिनच्या व्हायकिंगांच्या बाजूने लढत होते आणि डब्लिनचा व्हायकिंग राजा सिट्रिक हा ब्रायनचा जावई होता. राजे राज्यासाठी लढतात. त्यांच्या लढायांना धर्माचे आणि वंशाचे झेंडे आपण नंतर लावतो.

बाराव्या शतकात लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो गादीवरून हाकलला गेला. त्याने इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्याकडे मदत मागितली. त्याच्या बोलावण्यावरून ११६९ मध्ये नॉर्मन सरदार आले. पुढल्या वर्षी त्यांचा म्होरक्या स्ट्राँगबो आला आणि त्याने डर्मटची मुलगी इफा हिच्याशी लग्न केले. आपलाच सरदार फार मोठा होतो की काय, या काळजीने ११७१ मध्ये हेन्री जातीने उतरला. इंग्रजी सत्तेचा आयर्लंडमधील प्रवेश असा झाला. दार आतून उघडले गेले होते.

पण आलेले नॉर्मन हळूहळू आयरिश होऊ लागले. आयरिश बोलू लागले, आयरिश बायका केल्या, आयरिश कवी पदरी ठेवले. लंडनला ही मोठीच धास्ती वाटली. १३६६ मध्ये किल्केनी येथे कायदे झाले. इंग्रज वसाहतवाल्यांनी आयरिश बोलू नये, आयरिशांशी लग्न करू नये, त्यांच्यासारखे कपडे घालू नयेत, घोड्यावरही त्यांच्यासारखे बसू नये. आणि इंग्रजी वाचवणारा हा कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये! कारण तेव्हा सत्तेची भाषा ती होती. हे कायदे फारसे पाळले गेले नाहीत. माणसे शेजाऱ्याशी बोलणारच. लक्षात घ्या, या वेळी दोन्ही बाजू कॅथलिकच होत्या. वेगळेपणाची भिंत धर्माच्या आधी भाषेची होती.

जमीन कशी गेली

सोळाव्या शतकात इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने पोपशी संबंध तोडले आणि १५४१ मध्ये स्वतःला आयर्लंडचा राजा घोषित करवून घेतले. इंग्लंड प्रोटेस्टंट झाले, आयर्लंड बहुतांशी कॅथलिक राहिला. आता भाषा, सत्ता आणि धर्म एकाच रेषेवर येऊन उभे राहिले.

उत्तरेच्या अल्स्टर प्रांतातील आयरिश सरदारांनी १५९४ ते १६०३ अशी नऊ वर्षे झुंज दिली. ते हरले. १६०७ मध्ये त्यांचे प्रमुख युरोपात निघून गेले आणि त्यांच्या जमिनी राजाने जप्त केल्या. १६०९ पासून तिथे स्कॉटलंड आणि इंग्लंडमधून आणलेले प्रोटेस्टंट शेतकरी वसवण्यात आले. डेरी शहर लंडनच्या व्यापारी संघांना दिले गेले आणि त्याच्या नावामागे लंडन लागून ते लंडनडेरी झाले. त्या शहराला काय म्हणावे यावरून आजही माणसाचा पक्ष ओळखला जातो.

१६४१ मध्ये बेदखल झालेले आयरिश उठले. त्या उठावात हजारो प्रोटेस्टंट वसाहतवाले मारले गेले किंवा हिवाळ्यात उघड्यावर हाकलले जाऊन मेले. हेही सांगितले पाहिजे, कारण अल्स्टरच्या प्रोटेस्टंटांची भीती इथून सुरू होते. १६४९ मध्ये ऑलिव्हर क्रॉमवेल सैन्य घेऊन आला. द्रॉहेडा आणि वेक्सफर्ड येथे त्याच्या सैन्याने केलेल्या कत्तली आयरिश लोक आजही विसरलेले नाहीत. त्यानंतर कॅथलिक जमीनदारांना पश्चिमेच्या खडकाळ कॉनॉट प्रांताकडे ढकलण्यात आले.

या सगळ्याचा हिशेब तीन आकड्यांत मावतो. १६४१ मध्ये बेटावरील सुमारे ५९ टक्के जमीन कॅथलिकांकडे होती. १६८८ मध्ये ती २२ टक्क्यांवर आली. १६९० मध्ये बॉइनच्या काठी प्रोटेस्टंट राजा विल्यमने कॅथलिक राजा जेम्सचा पराभव केला. पुन्हा जप्त्या झाल्या आणि १७०३ पर्यंत उरली १४ टक्के. लोकसंख्येत कॅथलिक मात्र तीन चतुर्थांश. धर्मावरून भांडण म्हणतात ते हे. प्रार्थना कशी करायची यावरून एवढी पिढ्यान्‌पिढ्यांची आग पेटत नाही, पण प्रार्थनेवरून जर सातबारा ठरत असेल तर पेटते.

कुंपणाआडची शाळा

१६९५ पासून एकामागून एक दंडक कायदे आले. कॅथलिकांनी जमीन विकत घेऊ नये. पाच पौंडांहून जास्त किमतीचा घोडा बाळगू नये. बाप मेल्यावर जमीन सर्व मुलांत वाटली जावी, म्हणजे तुकडे पडतील. थोरला प्रोटेस्टंट झाला तर मात्र सगळी त्याला. १७२८ मध्ये मतदानाचा हक्कही गेला. शाळा चालवणे आणि मुलांना शिक्षणासाठी परदेशी पाठवणे यांवर बंदी आली.

मग शिक्षकांनी काय केले? झुडपांच्या कुंपणाआड, गोठ्यात, पडक्या झोपडीत वर्ग भरवले. त्यांना ‘कुंपणशाळा’ म्हणत. गुरुजींना फी म्हणून कधी पैसे, कधी लोणी, कधी सरपणाचे पीट. वाचन, हिशेब, आणि काही ठिकाणी चक्क लॅटिन. बंदी सैल झाल्यावरही त्या चालू राहिल्या आणि १८२० च्या दशकापर्यंत अशा शाळांत लाखो मुले शिकत होती. बीएड करताना आम्हाला शैक्षणिक साधनांची मोठी यादी पाठ करावी लागली होती. त्या यादीत कुंपण नव्हते.

दंडक कायद्यांचा चटका प्रेसबिटेरियन प्रोटेस्टंटांनाही बसत होता, कारण तेही राजाच्या चर्चचे नव्हते. म्हणून १७९१ मध्ये बेलफास्टमध्ये ‘युनायटेड आयरिशमन’ ही संघटना निघाली तेव्हा तिचे बरेच संस्थापक प्रोटेस्टंट होते. त्यांचा नेता वुल्फ टोनही प्रोटेस्टंट. कॅथलिक, प्रोटेस्टंट ही नावे पुसून सर्वांना आयरिश म्हणायचे, हे त्याचे ध्येय. १७९८ चा त्यांचा उठाव चिरडला गेला आणि १ जानेवारी १८०१ पासून आयर्लंड ब्रिटनमध्ये विलीन झाला. डब्लिनची संसद बंद पडली.

१८२९ मध्ये डॅनियल ओ’कॉनेल या वकिलाने कसलेही शस्त्र न उचलता, प्रचंड सभा आणि सामान्यांच्या महिना एक पेनी वर्गणीच्या जोरावर कॅथलिकांना संसदेत बसण्याचा हक्क मिळवून दिला. पण याच ओ’कॉनेलची मातृभाषा आयरिश असूनही ती गेली तरी त्याला खंत नव्हती. इंग्रजी उपयोगाची, असे त्याचे मत. १८३१ मध्ये सरकारी राष्ट्रीय शाळा सुरू झाल्या, त्या इंग्रजी माध्यमाच्या. अनेक गावांत मुलांच्या गळ्यात एक काठी अडकवत. मूल आयरिश बोलले की काठीवर एक खाच. दिवसअखेर खाचा मोजून छड्या. आणि खाच पाडण्यात घरचे आईबापही सामील असत, कारण मुलाला अमेरिकेला जायचे होते.

बटाटा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आयर्लंडमधील सुमारे एक तृतीयांश लोक जवळजवळ केवळ बटाट्यावर जगत होते. जमीन इतकी कमी वाट्याला येई की त्या तुकड्यात कुटुंबाचे पोट भरेल असे दुसरे पीकच नव्हते. धान्य आणि जनावरे खंड भरण्यासाठी विकली जात. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला. १८४६ मध्ये जवळजवळ सगळे पीक कुजले.

१८४१ च्या जनगणनेत बेटाची लोकसंख्या ८१ लाखांहून अधिक होती. १८५१ मध्ये ती सुमारे ६५ लाख झाली. सुमारे दहा लाख माणसे भूक आणि रोगांनी मेली, दहा लाखांहून अधिक जहाजांत बसून निघून गेली. आजही, पावणेदोनशे वर्षांनंतर, त्या बेटाची लोकसंख्या १८४१ इतकी झालेली नाही.

दुष्काळात देशात अन्नच नव्हते असे नाही. ओट, लोणी, गुरे बंदरांतून इंग्लंडला जात होती. बाजारात सरकारने हात घालू नये, फुकट दिले तर लोक आळशी होतात, हा त्या काळच्या राज्यकर्त्यांचा सिद्धान्त होता. रस्ते फोडण्याची कामे काढली, उपाशी माणसांना त्यावर जुंपले. १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारी सूपकेंद्रे उघडली तेव्हा दिवसाला तीस लाखांपर्यंत लोक जेवत होते. म्हणजे जेवू घालणे शक्य होते. पण काही महिन्यांत ती बंद केली गेली. पाव एकराहून जास्त जमीन असेल त्याला मदत नाही, असा नियम झाला. घास हवा तर जमीन सोड.

मदतकार्याचा लंडनमधला मुख्य अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला आणि त्यानंतर हिंदुस्थान सरकारचा अर्थमंत्री. माणूस आला, तसा सिद्धान्तही आला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सोलापूर, नगर, सातारा, विजापूर भागांत माणसे मरत असताना देशातून धान्याची निर्यात चालूच होती आणि दुष्काळी कामावरच्या मजुराला किती कमी धान्यात जगवता येईल याचे हिशेब होत होते. आपल्या आजी-आजोबांनी त्यांच्या आजी-आजोबांकडून ज्याच्या गोष्टी ऐकल्या तो हा दुष्काळ.

आपल्या वाचकांना मोबाइलवर एक मजकूर वारंवार येतो की उस्मानी सुलतानाने आयर्लंडला अन्नाने भरलेली जहाजे पाठवली. त्यातला कागदोपत्री पक्का भाग असा : सुलतान अब्दुल मजीद यांनी १८४७ मध्ये १००० पौंड दिले आणि आयरिश प्रतिष्ठितांनी आभाराचे पत्र पाठवले. एवढे पुरेसे आहे, त्यावर फोडणी घालायची गरज नाही. मदत इतरांनीही केली. कलकत्त्यात सुमारे १४ हजार पौंड जमले. अमेरिकेतील चॉक्टॉ या मूलनिवासी जमातीने सुमारे १७० डॉलर पाठवले. काही वर्षांपूर्वीच त्यांना स्वतःच्या भूमीतून हाकलले होते आणि त्या वाटेवर त्यांची हजारो माणसे मेली होती. भूक काय असते ते त्यांना कुणी समजावून सांगावे लागले नाही.

दुष्काळाने सर्वांत जास्त मारली ती पश्चिमेची गरीब माणसे. आयरिश बोलणारेही तेच होते. १८५१ मध्ये आयरिश येणारे सुमारे १५ लाख उरले, म्हणजे जेमतेम २३ टक्के.

बहिष्कार, होमरूल आणि १९१६

१८७९ मध्ये मायकल डॅव्हिटने लँड लीग, म्हणजे शेतकऱ्यांची जमीन-संघटना, उभी केली. दुष्काळात जन्मलेला, चार वर्षांचा असताना घरातून बेदखल झालेला आणि अकराव्या वर्षी इंग्लंडच्या गिरणीत उजवा हात गमावलेला हा माणूस. लीगचा अध्यक्ष होता चार्ल्स पार्नेल, जो स्वतः प्रोटेस्टंट जमीनदार. १८८० मध्ये मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्याशी गावाने सर्व व्यवहार तोडले. मजूर येईनात, दुकानदार माल देईना. शेवटी बाहेरून पन्नास मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला शेकडो सैनिक. ‘बॉयकॉट’ हा शब्द जगाला इथून मिळाला. पंचवीस वर्षांनी बंगालच्या फाळणीविरुद्ध टिळकांच्या चतुःसूत्रीत ‘बहिष्कार’ आला तेव्हा हे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांपुढे होते. पुढे कायदे झाले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेक कुळे जमिनीची मालक झाली.

मग होमरूल, म्हणजे घरचा कारभार घरी. ब्रिटिश संसदेत १८८६, १८९३ आणि १९१२ अशी तीन विधेयके आली. अल्स्टरच्या प्रोटेस्टंटांना वाटले की आपण कॅथलिक बहुसंख्येत बुडून जाऊ. १९१२ मध्ये त्यांच्यातील सुमारे पावणेपाच लाख स्त्री-पुरुषांनी विरोधाच्या शपथपत्रांवर सह्या केल्या. बहुसंख्येची भीती ही खरीच गोष्ट असते. तिची थट्टा करून ती जात नाही.

२४ एप्रिल १९१६ रोजी डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला. त्याचा पुढारी पॅड्रेग पिअर्स हा शाळामास्तर. आयरिश आणि इंग्रजी अशा दोन भाषांतून शिकवणारी शाळा त्याने १९०८ मध्ये काढली होती. आठवडाभरात उठाव मोडला. सुमारे पाचशे माणसे मेली, त्यांतील निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक. सुरुवातीला लोक बंडखोरांवर चिडले होते. पण इंग्रजांनी पंधरा नेत्यांना एकेक करून गोळ्या घातल्या. जखमी जेम्स कॉनली उभा राहू शकत नव्हता, म्हणून त्याला खुर्चीत बसवून मारले. लोकमत उलटले. त्याच आठवड्यात, २८ एप्रिल १९१६ ला, टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली. आयर्लंडमध्ये होमरूल हा शब्द मागे पडत असताना आपल्याकडे तो सुरू होत होता.

आयरिश माणूस साम्राज्याचा बळी होता तसा नोकरही होता. जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकल ओ’ड्वायर टिपररीचा आयरिश कॅथलिक. आणि त्याच पंजाबात, जून १९२० मध्ये, जालंधरच्या छावणीत कॉनॉट रेंजर्स पलटणीच्या आयरिश सैनिकांनी आपल्या देशातील अत्याचारांच्या निषेधार्थ शस्त्रे खाली ठेवली. त्यांच्यातील जेम्स डेलीला २ नोव्हेंबर १९२० ला दगशाई येथे गोळ्या घातल्या गेल्या. धर्म एक, देश एक, पण दोघे दोन टोकांना.

स्वातंत्र्य, फाळणी आणि आपलेच राज्य

१९१८ च्या निवडणुकीत शिन फेन पक्षाने १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या आणि लंडनला न जाता डब्लिनमध्ये स्वतःची संसद भरवली. अडीच वर्षे गनिमी युद्ध चालले. डिसेंबर १९२१ मध्ये तह झाला. २६ परगणे स्वतंत्र, अल्स्टरचे ६ परगणे ब्रिटनकडे. हे सहा अशा बेताने काढले होते की तिथे प्रोटेस्टंटांचे बहुमत राहावे. तहाच्या बाजूने ६४, विरुद्ध ५७ मते पडली आणि कालचे साथी एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. यादवीत नव्या आयरिश सरकारने ७७ आयरिश माणसांना मृत्युदंड दिला. तह करणारा मायकल कॉलिन्सही मारला गेला.

१९३७ च्या घटनेत सामाजिक धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे आली, ज्यांच्यापासून आपल्या घटनाकारांनी धडा घेतला. याच घटनेत कॅथलिक चर्चला ‘विशेष स्थान’ही दिले होते, ते आपल्या घटनाकारांनी घेतले नाही. तीनशे वर्षे धर्मामुळे दबलेल्या समाजाने स्वतःचे राज्य मिळताच आपल्या धर्मसंस्थेला घराघरात हुकूम चालवू दिला. अविवाहित माता आणि त्यांच्या बाळांना ज्या आश्रमांत कोंडले जाई, त्यांच्या चौकशीचा अहवाल २०२१ मध्ये आला : १८ आश्रमांत ७६ वर्षांत सुमारे ९००० मुले मेली. हे कोणा परक्याने केले नव्हते. सोसलेला अन्याय माणसाला न्यायी करतोच असे नाही. ‘विशेष स्थाना’चे कलम पुढे १९७२ च्या जनमताने रद्द झाले.

उत्तरेत याच्या उलट. तिथे कॅथलिक अल्पसंख्य. घरे, नोकऱ्या, मतदारसंघ यांत उघड भेदभाव. १९६८ मध्ये नागरी हक्कांचे मोर्चे निघाले आणि त्यांवर लाठ्या पडल्या. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरीत ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. १३ जागीच मेले, एक नंतर. ते निर्दोष होते हे सरकारने मान्य करायला २०१० उजाडले. तीस वर्षांत दोन्ही बाजूंची मिळून ३५०० हून अधिक माणसे मेली. बाजारात गेलेली, चहाला बसलेली माणसे.

१० एप्रिल १९९८ ला करार झाला. त्यात सत्ता वाटून घेण्याची व्यवस्था आहे, शस्त्रे खाली ठेवण्याचे बोल आहेत. पण मला महत्त्वाचे वाटते ते एक छोटे कलम. उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाने स्वतःला आयरिश म्हणवावे, ब्रिटिश म्हणवावे, किंवा दोन्ही. तो हक्क त्याचा. ‘किंवा दोन्ही’ हे दोन शब्द कायद्यात यायला चारशे वर्षे लागली.

आणि भाषा?

२०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले. त्यांचे वडील मूळचे सिंधुदुर्गातील, मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. जो देश दोन शतके फक्त माणसे बाहेर पाठवत होता, त्याने बाहेरून आलेल्याच्या मुलाला सर्वोच्च पदावर बसवले. हा बदल लहान नाही.

भाषेची गोष्ट मात्र इतकी सुखाची नाही. १८९३ मध्ये आयरिश वाचवण्यासाठी गेलिक लीग निघाली. तिचे अध्यक्ष डग्लस हाइड हे प्रोटेस्टंट पाद्र्याचे चिरंजीव आणि पुढे आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष. स्वतंत्र देशात आयरिश ही पहिली राजभाषा झाली, शाळांत सक्तीची झाली, नाण्यांवर आली, रस्त्यांच्या पाट्यांवर आली. तरीही २०२२ च्या जनगणनेत ‘मला आयरिश येते’ म्हणणारे १८ लाखांहून अधिक असले, तरी शाळेबाहेर रोज ती बोलणारे सुमारे ७२ हजारच भरले. एवढा मान असूनही असे का झाले? मला समजते ते असे. भाषेला दर्जा सरकार देऊ शकते, पण ती बोलायची की नाही हे स्वयंपाकघरात आणि दुकानात ठरते. ज्या पिढीने मुलाच्या गळ्यातल्या काठीवर स्वतः खाच पाडली, तिथेच भाषा तुटली होती. पुढच्या पिढीला ती विषय म्हणून मिळाली.

हे वाचताना मला माझ्याकडे येणारे पालक दिसतात. ‘उर्दू शिकून काय मिळणार, सर?’ असे एक विचारतात. ‘मराठी माध्यमात घालून मुलाचे नुकसान होईल का?’ असे दुसरे विचारतात. दोघांना वाटते की हा प्रश्न आपला एकट्याचाच आहे. एकमेकांच्या भाषेकडे ते संशयाने पाहतात आणि दोघांची मुले तिसऱ्याच भाषेकडे जातात.

आज पूर्व बेलफास्टच्या प्रोटेस्टंट वस्तीत आयरिश शिकवण्याचे वर्ग भरतात. येणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरात ही ‘त्यांची’ भाषा म्हणून नाक मुरडले जाई. वर्गात आल्यावर त्यांना कळते की आपल्या गल्लीचे, आपल्या डोंगराचे, कधी आपल्या आडनावाचेही मूळ त्याच भाषेत आहे. भाषेला धर्म चिकटवणे सोपे असते. तो सोडवायला कुणीतरी जाऊन पहिल्या बाकावर बसावे लागते.